चांदीचे माप घेणारा दंतवैद्य

दाढेत चांदी भरलेली आहे, असे सांगणारे पन्नाशी-साठीतले लोक हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे आजही पुष्कळ भेटतात. ही चांदी आता काळपट पडलेली असते, तिचा एखादा कोपरा उडालेला असतो, पण दाढ अजून भाकरी चावते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणी भरली, ते डॉक्टरही रुग्णाला आठवत नाहीत. त्याच तोंडात दुसऱ्या दाढेत पाच वर्षांपूर्वी भरलेले पांढरे सिमेंट मात्र झिजून बशीसारखे खोलगट झालेले असते. मग प्रश्न येतो, जुने ते सोने म्हणावे का?

सोने नव्हे, चांदीही पुरती नव्हे. चांदी, कथील आणि थोडे तांबे यांचा कीस पाऱ्यात कालवून केलेले हे मिश्रण. त्याला अमाल्गम म्हणतात. एके काळी हेच मिश्रण इतके बेभरवशाचे होते, की ते वापरणाऱ्या दंतवैद्याला त्याचे व्यवसायबंधू भोंदू समजत. ते भरवशाचे झाले ते प्रामुख्याने एका माणसाच्या मोजमापामुळे. त्याचे नाव ग्रीन वार्डिमन ब्लॅक. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे नाव पाठ असते, कारण कीड लागून झालेल्या पोकळ्यांचे जे पाच वर्ग तो परीक्षेत लिहितो, ते ब्लॅक यांनी पाडलेले आहेत. रुग्णांना मात्र ते कोणी सांगत नाही.

ब्लॅक यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, विंचेस्टर गावाजवळच्या एका शेतावर झाला. शाळेत त्यांचे मन रमले नाही. सगळे मिळून त्यांनी दोन वर्षेसुद्धा शाळा धड केली नसावी. दिवस रानात, ओढ्याकाठी, प्राणी-पक्षी पाहण्यात जायचा. आपल्याकडे अशा मुलाला वाया गेलेला म्हणतात. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यांना थोरल्या भावाकडे पाठवले. थॉमस ब्लॅक हे डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली औषधे कुटता-कुटता धाकट्याने शरीरशास्त्र आणि वैद्यक वाचून काढले. पुढे जे. सी. स्पियर नावाच्या दंतवैद्याकडे त्यांनी काही महिने उमेदवारी केली, आणि विशीच्या सुरुवातीलाच विंचेस्टरमध्ये पाटी लावली.

त्या काळी ते पुरेसे होते. दंतवैद्य होण्यासाठी पदवी लागतच नसे. काम म्हणजे मुख्यतः दात उपटणे आणि कवळ्या करणे. पैसेवाल्यांच्या दातांत सोने भरत. सोन्याचा पातळ वर्ख घडी-घडीने पोकळीत घालून लहानशा हातोडीने ठोकत बसायचे. एका दाढेला तासन्‌तास लागत.

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्लॅक इलिनॉयच्या १२९व्या पायदळ पलटणीत भरती झाले. गुडघ्याला दुखापत झाली, बरेच दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि सैन्यातून त्यांना मोकळे करण्यात आले. त्याच सुमारास पहिली पत्नी वारली. १८६४मध्ये त्यांनी विंचेस्टर सोडले आणि जवळच्याच जॅक्सनव्हिलला बस्तान हलवले. दुसरे लग्न केले. तिथे ते तीस वर्षांहून अधिक काळ राहिले.

त्यांच्या पुढच्या कामाचे मूळ या मुक्कामात आहे. मोठ्या शहरात रुग्ण येतो आणि जातो. भरलेला दात पुढे पडला की किडला, हे भरणाऱ्याला कळत नाही. लहान गावात राहणाऱ्या डॉक्टरला ही पळवाट नसते. तोच शेतकरी, त्याचीच बायको, पुढे त्यांचीच मुले. दहा वर्षांपूर्वी भरलेली दाढ परत समोर उघडते आणि आपले काम कसे उतरले, ते डोळ्यांनी दिसते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एकाच जागी बरीच वर्षे काढलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे समजेल.

आणि दिसत होते ते फारसे चांगले नव्हते. सोने टिके, पण ते परवडे थोड्यांना. अमाल्गम स्वस्त होते, तर त्याचा नेम नव्हता. कुठे ते आकसून कडेला फट पडे आणि फटीतून खालून पुन्हा कीड लागे. कुठे ते फुगून दातातून वर येई. कुठे रोजच्या चावण्याखाली हळूहळू पसरून कडेवरून ओघळल्यासारखे दिसे. एकाच डब्यातली पूड एकदा चांगली लागे, सहा महिन्यांनी तीच वाईट.

या मिश्रणाची बदनामी जुनी होती. १८३३मध्ये क्रॉकूर नावाच्या बंधूंनी ते न्यूयॉर्कमध्ये आणले, मोठे भारदस्त नाव देऊन जाहिरात केली आणि भरपूर पैसा केला. ते चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात मळत आणि कीड नीट साफ न करताच दाढेत कोंबत. त्यावर जाणत्या दंतवैद्यांनी इतकी धास्ती घेतली, की त्यांच्या संघटनेने सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची लेखी हमी घ्यायला सुरुवात केली. सभासद फुटले आणि १८५६मध्ये ती संघटनाच मोडली. भांडण वीस वर्षे चालले. पाऱ्याचे विष, व्यवसायाची इज्जत, गरिबाची सोय, सगळे बोलून झाले. त्या मिश्रणाचे माप मात्र फारसे कोणी घेतले नाही.

ब्लॅक यांनी ते घेतले. त्याआधी त्यांनी स्वतःला तयार केले होते. रसायनशास्त्र स्वतः शिकले, सूक्ष्मदर्शकावर बसले, जर्मन शास्त्रज्ञांचे लेखन मुळातून वाचता यावे म्हणून जर्मन शिकले. सत्तरच्या दशकात ते सेंट लुईच्या मिसुरी दंतमहाविद्यालयात शिकवायला जात. दाताची कीड जंतूंमुळे लागते, हा विचार नवा होता, तेव्हा १८८४मध्ये त्यांनी जंतूंपासून तयार होणाऱ्या विषांवर पुस्तक लिहिले. शाळा टाळणारा मुलगा चाळिशीत प्राध्यापक झाला होता. वाद्य वाजवायला आणि गायलाही त्यांना आवडे.

नव्वदच्या दशकात त्यांनी अमाल्गम हातात घेतले. बाजारात मापण्याचे साधन मिळत नव्हते, म्हणून स्वतः बनवले. लहानशा साच्यात अमाल्गम भरून, ते घट्ट होताना किती आकसते किंवा फुगते, हे इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत ते मोजू लागले. धातूंचे प्रमाण बदलत-बदलत शेकडो नमुने केले. हळूहळू नियम दिसू लागला. कथील जास्त झाले की मिश्रण आकसते, चांदी जास्त झाली की फुगते. त्या दोघांच्या मध्ये एक जागा आहे, जिथे माप जवळजवळ तसेच राहते. सुमारे दोन तृतीयांश चांदी, पाव भागाच्या आसपास कथील, पाच टक्क्यांच्या घरात तांबे आणि नावाला जस्त, असे ते प्रमाण होते.

पूड सहा महिन्यांनी का बिघडते, याचाही उलगडा झाला. धातू किसताना त्याच्या कणांत ताण राहतो. ताजा कीस पाऱ्याशी एका रीतीने वागतो, ठेवून जुना झालेला कीस दुसऱ्या रीतीने. मग कीस आधीच गरम करून मुरवून घेतला, तर तो पुढे बदलत नाही. लोणचे मुरल्यावर त्याची चव स्थिर होते, तसाच हा प्रकार. १८९५-९६मध्ये ब्लॅक यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कारखान्यांनी त्याप्रमाणे पूड करायला घेतली. पुढची साठ-पासष्ट वर्षे जगभरच्या दाढांत भरलेली चांदी थोड्याफार फरकाने ब्लॅक यांच्याच प्रमाणाची होती. १९६३मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तांबे वाढवून त्यात मोठी सुधारणा केली, कारण जुन्या मिश्रणातला कथील-पाऱ्याचा भाग तोंडात गंजत असे आणि कडा तुटत.

पण भरण्याचा पदार्थ किती मजबूत हवा, हे ठरवायचे तर आधी त्यावर किती जोर पडतो ते माहीत हवे. ब्लॅक यांनी दुसरे एक यंत्र केले. माणसाने दाढांखाली दाबायचे आणि स्प्रिंगवरचा काटा जोर दाखवायचा. जबड्याचा जोर अनेकांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. निरोगी माणूस दाढेखाली शंभर पौंडांच्याही पुढे जोर लावू शकतो. मग त्यांनी अन्न चिरडायला किती जोर लागतो तेही मोजले. चांगल्या-चांगल्या दिसणाऱ्या अमाल्गमचा गोळा सतत दाबाखाली ठेवला, तर तो मेणासारखा हळूहळू बसतो, हे त्यांना याच काळात दिसले. रुग्णांच्या दाढांवर ओघळलेली चांदी दिसे, तिचे कारण हेच होते.

याच मालिकेतला एक प्रयोग आपल्याकडे जास्त माहीत व्हायला हवा. तेव्हा सगळ्यांचा, अगदी दंतवैद्यांचाही, ठाम समज होता की काही लोकांचे दात जातीचेच मऊ असतात म्हणून किडतात. चुना कमी, म्हणून दात कच्चे. गरोदर बाईच्या दातांतला चुना पोटातले मूल ओढून घेते, असेही म्हणत. ब्लॅक यांनी काढलेले दात जमवले, किडलेल्यांचे आणि न किडलेल्यांचे, तरुणांचे आणि म्हाताऱ्यांचे. त्यांची घनता पाहिली, चुन्याचे प्रमाण काढले, चिरडायला लागणारा जोर मोजला. किडणाऱ्या आणि न किडणाऱ्या दातांत फरक सापडला नाही. कीड दाताच्या घडणीपेक्षा दातावर बसणाऱ्या जंतूंच्या थरावर आणि तोंडातल्या परिस्थितीवर अवलंबून आहे, असा त्याचा अर्थ होता. या गोष्टीला सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. तरी माझ्या दातांत कॅल्शियमच कमी आहे म्हणत औषधाच्या दुकानातून गोळ्या नेणारे आज रोज दिसतात. मोठ्या माणसाच्या दाढेवर एकदा तयार झालेल्या एनॅमलमध्ये त्या गोळीतले कॅल्शियम जाऊन बसत नाही.

दात किडणे वेगळे आणि झिजणे वेगळे, हे ब्लॅक यांच्या पिढीने नीट वेगळे काढले. दाताचे वरचे कवच, एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते. पण त्यात जिवंत पेशी नसते, त्यामुळे गेलेले एनॅमल परत येत नाही. दातावर दात घासून दाढेचे एनॅमल वर्षाला साधारण ३० मायक्रॉन झिजते, असे पुढच्या काळातल्या मोजण्यांत दिसले आहे. दाढेच्या टोकावर ते जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असते. साठीच्या माणसाची दाढ सपाट दिसते ती यामुळे. खालचा पिवळसर थर उघडा पडला की थंड पाण्याने, चिंचेने दात शिवशिवू लागतात. झीज सावकाश असेल तर दात आतून नवा थर घालून स्वतःला सावरतो, आणि माणसाला काही कळतही नाही.

आपल्याकडे या सावकाश झिजेला घाई करणाऱ्या गोष्टी घरातच आहेत. हिंगोलीचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. जाते, पाटा-वरवंटा सगळे त्याचेच. जात्याला टाकी लावणारे दारोदार यायचे, आणि टाकी लावल्यावर पहिले दळण जनावरांना घालायची पद्धत होती. जाणत्या बायकांना माहीत होते की त्या पिठाला कचकच येते. त्या दगडातली खनिजे एनॅमलपेक्षा थोडी कठीण असतात, आणि वाळूतली गारगोटी त्याहूनही कठीण. पन्नास वर्षे असे पीठ खाल्लेल्या आजीची दाढ जात्याच्या पाळीसारखीच गुळगुळीत होई. आता पीठ गिरणीतून येते, ते कारण मागे पडले. पण राखुंडी, कोळशाची पूड, विटेचा चुरा आणि मिश्री अजून गेलेली नाही. मिश्रीत तंबाखूचे व्यसन आणि कर्करोगाचा धोका तर आहेच, शिवाय ती बोटाने रोज दोन-तीन वेळा रगडली जाते. दाताच्या मानेशी, हिरडीलगत, कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी खाच पडते ती अशाने. जोडीला सुपारी-खर्रा दिवसभर चघळला तर वरच्या पृष्ठाचीही वाट लागते.

ब्लॅक यांचे समकालीन विलोबी मिलर यांनी १९०७मध्ये काढलेल्या दातांवर खरखरीत दंतमंजन घासून अशा खाचा प्रयोगशाळेत करून दाखवल्या. ब्लॅक यांनी १९०८च्या आपल्या दोन खंडांच्या ग्रंथात या झिजेला जागा दिली, सगळ्या उपपत्ती तपासल्या आणि कोणत्याही एका कारणावर शिक्का मारला नाही. मोजमाप पुरेसे झालेले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. आज आपण म्हणतो की घासणे, आंबट पदार्थांनी मऊ पडणे आणि दातावर येणारा जोर ही तिन्ही कारणे एकत्र काम करतात. त्यांची सावधगिरी योग्य होती.

१८९७मध्ये ब्लॅक शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. तोवर साठी उलटली होती. तिथे त्यांनी कामाला शिस्त लावली. पोकळ्यांचे पाच वर्ग पाडले. हातातल्या अवजाराच्या पात्याची रुंदी, लांबी आणि कोन आकड्यांत लिहायची पद्धत घातली. त्यामुळे शिकागोत केलेले अवजार कुठल्याही देशातला कारागीर आकडे वाचून तसेच करू शकतो. आज दंतवैद्याच्या ट्रेमधल्या अवजारांच्या मुठीवर बारीक आकडे कोरलेले दिसतात, ते याच पद्धतीचे.

याच शिस्तीतला एक नियम मात्र पुढे महागात पडला. ब्लॅक म्हणत की कीड लागलेली जागा तेवढी कोरून भागत नाही. शेजारच्या खाचा, जिथे उद्या कीड लागू शकते, त्याही उघडून भरून टाकाव्यात, म्हणजे कडा अशा जागी येतील जिथे ब्रश आणि जीभ पोहोचते. त्या काळात हे शहाणपणाचे होते. फ्लोराइडची पेस्ट नव्हती, ब्रश करणारे थोडे, रुग्ण पुन्हा येईल याचा भरवसा नाही. शिवाय चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून पोकळी तळाशी रुंद, भिंती उभ्या, अशी पेटीसारखी कोरावीच लागे. पण या सगळ्यात निरोगी दात खूप जाई. भिंती पातळ राहत. वीस वर्षांनी चांदी शाबूत आणि शेजारचा सुळका तुटलेला, हे दृश्य दवाखान्यात नेहमीचे होऊन बसले. ज्याने दात आणि भरण या दोघांचेही माप घेतले, त्याच्याच नियमाने दाताला कमी लेखले, असे आज वाटते. त्यांच्या शिष्यांनी हा नियम आणखी ताठ केला आणि बदलायला फार वेळ लावला, हेही खरे.

बदल आला तो चिकटणाऱ्या पदार्थांमुळे. १९५५मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी एनॅमलवर आम्ल लावून ते खरखरीत केले तर रेझिन त्याला घट्ट धरते, हे दाखवले. साठच्या दशकात राफेल बोवेन यांच्या रेझिनमधून दातासारख्या रंगाचे कंपोझिट आले. सत्तरच्या दशकात ग्लास आयोनोमर सिमेंट आले. आता कोरायचे ते फक्त किडलेले. पण ब्लॅक यांनी चांदीला विचारलेले प्रश्न या पदार्थांनाही लागू झाले, आणि पहिली उत्तरे नापासाची होती. सुरुवातीच्या कंपोझिटमध्ये काचेचे कण मोठे होते. चावताना मधले मऊ रेझिन आधी झिजे, कण उघडे पडून निखळत, आणि दाढेचे भरण एनॅमलच्या कितीतरी पट वेगाने खाली जाई. कण बारीक केल्यावर हा वेग एनॅमलच्या जवळ आला. ग्लास आयोनोमर दाताला चिकटते आणि फ्लोराइड सोडते, पण दाढेच्या चावण्याच्या पृष्ठावर लवकर झिजते. सुरुवातीला सांगितलेली बशी बहुधा त्याची असते. ती वाईट कामाची खूण नसते. मुलाच्या दुधाच्या दाढेला किंवा हिरडीलगतच्या खाचेला ते उत्तम, जोराच्या दाढेला कमी.

झीज एकतर्फीही नसते. सिरॅमिकची टोपी स्वतः फारशी झिजत नाही, पण तिचा वरचा चकचकीत थर गेला आणि ती खरखरीत झाली की समोरच्या दाताला कानशीसारखी घासते. टोपी बसवल्यावर डॉक्टर पुन्हा-पुन्हा कागद चावायला लावून उंचवटे काढतात, तेव्हा शेवटी ती पॉलिश झाली की नाही, हे रुग्णाने जरूर विचारावे.

पाऱ्याचा प्रश्नही राहतो. घट्ट झालेल्या चांदीतून अगदी थोडी पाऱ्याची वाफ सुटते. बहुतेकांना तिचा अपाय होतो असे आढळलेले नाही. पर्यावरणात जाणारा पारा कमी करावा म्हणून मिनामाटा करारानुसार जग चांदीपासून दूर जात आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५पासून काही अपवाद सोडता ती भरत नाहीत. गरोदर बायका आणि लहान मुले यांच्यासाठी दुसरा पदार्थ निवडावा. पण जुनी, शाबूत चांदी केवळ भीतीपोटी काढून घेऊ नये. काढतानाच जास्त वाफ सुटते, आणि दाताचा आणखी थोडा भाग जातो.

शेवटची काही वर्षे ब्लॅक एका वेगळ्याच प्रकारच्या दातांनी झपाटले होते. कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगराळ गावात १९०१मध्ये फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य आले आणि तिथल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग पाहून चक्रावले. गावातल्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हते. पुस्तकांत त्याचा उल्लेख नव्हता. मॅके यांनी ब्लॅक यांना लिहिले, दात पाठवले. ब्लॅक यांना आधी विश्वास बसेना की इतका सर्रास आढळणारा विकार कोणी नोंदवलेलाच नाही. १९०९मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी ते स्वतः तिकडे गेले. रस्त्यात मुलांना थांबवून त्यांचे दात पाहिले. डागाळलेले एनॅमल सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्याची घडण बिघडलेली आहे, हे दाखवले. बिघाड दात येण्याआधी, ते हाडात तयार होत असतानाच होतो, हेही लक्षात आले. आणि एक कोडे उभे राहिले. घडण बिघडलेली, तरी हे दात इतरांपेक्षा कमी किडत होते.

हिंगोलीच्या शेजारच्या नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांत असे दात आजही दिसतात. पांढरे खडूसारखे चट्टे, पुढे तपकिरी रेषा. जास्त असेल तर एनॅमलला खड्डे पडतात, त्याचे टवके उडतात आणि मग दात विशीतच झिजू लागतो. तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की हाडे आणि सांधेही धरतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरे पाणीच नसेल तर १.५पर्यंत. विंधन विहिरीचे पाणी दिसायला कितीही स्वच्छ असले तरी तपासल्याशिवाय हे कळत नाही, आणि उकळून ते कमी होत नाही. दातावरचा डाग घासून निघत नाही म्हणून आई मुलाला राखुंडीने रगडायला लावते, तेव्हा आधीच कमजोर एनॅमल आणखी जाते.

ब्लॅक या कोड्यावर मरेपर्यंत काम करत होते. त्यांना संशय पाण्याचा होता की आणखी कशाचा, याचा निकाल लागण्याआधी ३१ ऑगस्ट १९१५ रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी ते गेले. मॅके यांच्यासोबतचा त्यांचा लेख पुढच्या वर्षी छापून आला. मुलगा आर्थर हाही दंतवैद्य होता. त्याने वडिलांच्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्या काढल्या आणि पुढे त्याच महाविद्यालयाचा अधिष्ठाता झाला. ते महाविद्यालय २००१मध्ये बंद झाले. शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये ब्लॅक यांचा पुतळा आहे.

मॅके गावोगाव फिरून पाणी बदलले की नव्या मुलांचे दात स्वच्छ येतात, याचे पुरावे गोळा करत राहिले. १९३१मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने अशा गावांच्या पाण्याची तपासणी केली आणि त्यात फ्लोराइड सापडले. तेव्हा मॅके हयात होते. ब्लॅक यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.